तोंडओळख की खरी ओळख?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमारास माझ्या रूममेटला घरून फोन आला. तिचे वडील गेले होते. ती नागपूरची, आम्ही दोघी राहतो बेंगळुरूत. नागपूरचं पहिलं विमान सकाळी होतं. म्हणजे मधली सगळी रात्र आम्हाला त्या दोन खोल्यांत काढायची होती.

ती आधी खूप रडली. मग गप्प झाली. मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "तू रोज सकाळी देवाचं वचन स्टेटसला टाकतेस ना? मग तुला माहीत असेल. आत्ता, या क्षणी, तुझा देव काय करतोय?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

मी ख्रिस्ती घरात वाढले. संडे स्कूलमध्ये वचनं पाठ म्हणण्याची बक्षिसं मिळवली. लिहिणं हाच माझा व्यवसाय आहे आणि शब्द मला सहसा अडत नाहीत. त्या रात्रीही मला संदर्भ आठवले. स्तोत्र २३ आठवलं, रोमकरांस पत्राचा ८ वा अध्याय आठवला, लाजराच्या कबरेजवळ रडणारा येशू आठवला. पण तोंडातून एक शब्द फुटला नाही. कारण पुस्तकात काय लिहिलं आहे, हे तिने विचारलंच नव्हतं. ज्याच्याविषयी मी रोज लिहिते त्याला मी ओळखते का, असं ती विचारत होती.

पहाटे चारला मी गावी आजीला फोन केला. आजी त्या वेळी उठून प्रार्थनेला बसते, हे मला लहानपणापासून ठाऊक. मी म्हटलं, "आजी, काय बोलू मी हिच्याशी?"

आजी म्हणाली, "काही बोलू नको. चहा कर आणि तिच्याजवळ बस. तो पण तसाच येऊन बसतो."

"तुला कसं माहीत?"

"तुझे आजोबा गेले तेव्हा बसला होता की!"

शेजारच्या काकू येऊन बसल्या होत्या, असं सांगावं इतक्या सहज ती बोलली. माझ्या आजीला अध्याय आणि ओवी यांचे आकडे सांगता येत नाहीत. बायबलमधली पुस्तकं क्रमाने म्हणायला सांगितली तर ती मध्येच अडखळेल. त्या परीक्षेत मी तिच्या कितीतरी पुढे आहे. पण त्या पहाटे मला कळलं, की आजीची देवाशी ओळख आहे आणि माझी तोंडओळख.

माहिती वेगळी, ओळख वेगळी

'तोंडओळख' हा आपल्या मराठीतला फार नेमका शब्द आहे. सोसायटीच्या जिन्यात रोज भेटणारे एक काका असतात. त्यांचं आडनाव आपल्याला माहीत असतं, ते कोणत्या मजल्यावर राहतात हेही माहीत असतं. समोर आले की आपण हसतो. पण रात्री दोन वाजता घरात कुणी आजारी पडलं, तर त्यांचं दार वाजवायला हात धजावत नाही. तोंडओळख दिवसाउजेडी पुरते, अडचणीच्या रात्री पुरत नाही.

देवाच्या बाबतीतही असं होऊ शकतं. त्याचं नाव माहीत, त्याचे सण माहीत, त्याची गाणी चालीसकट पाठ. रविवारी उपासनेला जाऊन त्याला 'नमस्कार' घालून येणंही चुकत नाही. तरीसुद्धा रात्री दोन वाजता त्याचं दार वाजवायला संकोच वाटतो. तो दार उघडेल की नाही, याची खात्री नसते.

ख्रिस्ती विश्वासात ही गोष्ट साधी समजली जात नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात येशूने पकडला जाण्यापूर्वी केलेली प्रार्थना आहे. त्या प्रार्थनेत तो सार्वकालिक जीवन म्हणजे काय, हे सांगतो. आपण साधारणपणे समजतो, की सार्वकालिक जीवन म्हणजे मेल्यानंतर मिळणारं, कधी न संपणारं आयुष्य. येशू तिथे लांबीविषयी बोलतच नाही. पित्याला आणि पित्याने ज्याला पाठवलं त्याला ओळखणं, यालाच तो जीवन म्हणतो. म्हणजे देवाशी ओळख हा विश्वासाचा एखादा पुढचा धडा नव्हे. विश्वास म्हणतात तो हाच.

जुन्या कराराच्या मूळ हिब्रू भाषेत 'ओळखणे' यासाठी 'यादा' असा शब्द आहे. उत्पत्तीच्या ४ थ्या अध्यायात आदाम आणि हव्वा यांच्या पतिपत्नी म्हणून असलेल्या जवळिकीसाठीही हाच शब्द वापरला आहे. यावरून लक्षात येईल, की बायबलच्या लेखी ओळख ही डोक्यात साठवायची वस्तू नाही. ती सोबत राहून होते, आणि तिच्यात स्वतःला उघडं करावं लागतं.

मंदिरात झोपणारा मुलगा

घरातल्या लहानग्यांना शमुवेलाची गोष्ट नक्की माहीत असेल. छोटा शमुवेल शिलो इथे एली याजकाजवळ राहत होता. तो मंदिरात सेवा करायचा आणि झोपायचाही तिथेच, जिथे देवाच्या कराराचा कोश होता. एका रात्री त्याला नावाने हाक आली. त्याला वाटलं एली बोलावतोय, म्हणून तो धावत गेला. असं तीनदा झालं. तेव्हा एलीच्या ध्यानात आलं की हाक मारणारा कोण आहे. चौथ्या वेळी शमुवेलाने देवाला उत्तर दिलं.

ही गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली असेल. पण १ शमुवेलाच्या ३ ऱ्या अध्यायातलं एक साधं वाक्य माझ्या नजरेतून कायम निसटलं होतं. तिथे स्पष्ट लिहिलं आहे, की शमुवेलाला तोवर परमेश्वराची ओळख झालेली नव्हती. विचार करा. मुलगा मंदिरात राहतो, मंदिराची कामं करतो, पवित्र कोशाजवळ झोपतो. देवाच्या इतकं जवळ आणखी कोण असेल? तरी ओळख नाही.

त्याच मंदिरात एलीची दोन मुलं होती, हफनी आणि फिनहास. ते तर याजक, पण त्यांचं वागणं भ्रष्ट होतं. त्यांच्याविषयीही त्याच पुस्तकात लिहिलं आहे, की ते परमेश्वराला ओळखत नव्हते. शमुवेल आणि ते दोघे, तिघांच्याही बाबतीत शब्द सारखाच. फरक एवढाच, की शमुवेलाने हाक ऐकल्यावर उठून उत्तर दिलं. त्या दोघांनी बापाचं बोलणंही कानाआड केलं.

ख्रिस्ती घरात जन्मलेल्या माझ्यासारख्यांसाठी यात दिलासा आहे आणि इशाराही. तुम्ही लहानपणापासून मंडळीत असाल आणि तरी आतून रिकामं वाटत असेल, तर घाबरू नका. शमुवेलही आधी तिथेच होता. मात्र मंदिरात झोपतो एवढ्यावर समाधान मानू नका.

जिला सगळं माहीत होतं

"आम्हाला बायबल फारसं कळत नाही, म्हणून ओळख होत नसेल," असं पुष्कळांना वाटतं. त्यांच्यासाठी आज मला पंडिता रमाबाईंविषयी सांगायचं आहे. माहितीने ओळख होत असती, तर त्यांच्याइतकी लवकर ती कुणालाच झाली नसती.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी काळाच्या रूढीविरुद्ध पत्नीला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने लेकीला. हे कुटुंब तीर्थक्षेत्री फिरत पुराणं सांगायचं. मोठ्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं, रमा आणि श्रीनिवास, पायी भटकत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी त्यांचं संस्कृत ऐकून त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्या वेळी त्या विशीच्या होत्या.

त्यानंतर एकामागून एक आघात झाले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. १८८१ मध्ये मनोरमाचा जन्म झाला, आणि १८८२ मध्ये पतीचं पटकीने निधन झालं. सिलचरच्या त्या घरात असताना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली होती. ख्रिस्ताविषयी कुतूहल तिथे जागं झालं.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या जोगिणींच्या आश्रमात राहिल्या. त्या जोगिणी लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालवत. तिथलं ममतेचं वागणं पाहून रमाबाईंना प्रश्न पडला, की अशा स्त्रियांना जवळ करण्याची बुद्धी या लोकांना होते कुठून? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या ४ थ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली, पाच नवरे झालेली ती बाई, आणि तिच्याकडे पाणी मागून बोलणं सुरू करणारा येशू. ही गोष्ट रमाबाईंच्या मनाला भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथे संपली असती, तर ती धर्मांतराची एक गोष्ट ठरली असती. पण खरा धडा पुढे आहे.

बाप्तिस्म्यानंतरही रमाबाईंचं डोकं शांत बसलं नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा त्रैक्य, चर्चचा अधिकार, धर्ममतं अशा विषयांवर पत्रांतून वाद चाले. कुणी सांगितलं म्हणून मान्य करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पुढे त्या अमेरिकेला गेल्या, तिथे पुस्तक लिहिलं, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं. बाहेरून बघणाऱ्याला काय कमी दिसणार? ज्ञान होतं, धैर्य होतं, सेवा होती, त्यागही होता.

आणि तरी आपल्या आत्मकथनात त्या स्वतःविषयी एक कबुली देतात. बाप्तिस्म्याला आठ वर्षं उलटल्यावर त्यांना उमगलं, की त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. त्यांचा भरवसा एका धर्मावर होता, ख्रिस्तावर नव्हता.

हे लिहायला केवढा प्रामाणिकपणा लागला असेल! आठ वर्षं जगाने ज्यांना ख्रिस्ती म्हणून ओळखलं, त्या पायी ज्यांना आपल्या माणसांचा रोष सोसावा लागला, त्याच बाई म्हणतात की मूळ गोष्ट माझ्या हाती आलीच नव्हती.

हे त्यांना उमगायला एक पुस्तक निमित्त झालं. विल्यम हॅस्लम हे इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे पाळक. त्यांची कहाणी विलक्षण आहे. अनेक वर्षं पाळक म्हणून काम केल्यावर १८५१ साली एका रविवारी व्यासपीठावर उपदेश देता देताच त्यांच्या लक्षात आलं, की आपण ज्याच्याविषयी बोलतोय त्याला आपण स्वतःच ओळखत नाही. आणि तिथेच, स्वतःच्या उपदेशाने, त्यांचं मन बदललं. समोरच्या लोकांतला एकजण उठून ओरडला, की पाळकांचाच पालट झाला! ही हकीकत वाचताना रमाबाईंना आपलंच चित्र दिसलं. वाद घालून आणि विचार करून जे सुटलं नव्हतं, त्याच्यापुढे अखेर त्यांनी हात टेकले आणि आहे तशी स्वतःला ख्रिस्ताच्या स्वाधीन केली.

पुढे त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, अनाथ, टाकून दिलेल्या मुलींना त्या घेऊन आल्या, आणि तिथे शेकडो मुलीबायांना आसरा मिळाला. लहानपणी दुष्काळात आपली माणसं गमावलेली ती मुलगी आता दुष्काळातल्या लेकरांची आई झाली होती.

ओळखीनंतर येणारी भूक

इथे एक गैरसमज टाळायला हवा. "मग अभ्यास नकोच, नुसती भावना पुरे," असा याचा अर्थ नाही. रमाबाईंनी पुढे काय केलं बघा. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि कमी शिकलेल्या बायकांनाही कळेल अशा सोप्या मराठीत त्यांनी सबंध बायबलचं भाषांतर केलं. मुक्तीतल्या स्त्रियांनी छापखान्यात त्याचे खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचं निधन झालं. त्याच्या थोडं आधी हे काम त्यांनी हातावेगळं केलं होतं. आदल्याच वर्षी मनोरमा, त्यांची एकुलती एक लेक, गेली होती. तरी हातातलं काम थांबलं नाही.

ओळख झाली म्हणून अभ्यास सुटला नाही, उलट वाढला. आपलंही असंच असतं ना? एखादं माणूस आवडायला लागलं, की त्याचं गाव, त्याचं बालपण, त्याच्या आवडीनिवडी सगळं जाणून घ्यावंसं वाटतं. तोवर तीच माहिती म्हणजे नुसता बायोडाटा. माहिती वाईट नाही. ती दारापर्यंत आणून सोडते, पण उंबरठा आपल्यालाच ओलांडावा लागतो.

प्रेषित पौलाचंही असंच. फिलिप्पैकरांस पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात तो आपला बायोडाटाच मांडतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामीन वंश, परूशी, नियम पाळण्यात निर्दोष. आणि मग हे सगळं ख्रिस्ताला ओळखण्यापुढे केरकचरा आहे, असं लिहितो. पत्र लिहिताना तो कैदेत होता आणि ख्रिस्ताच्या मागे जायला लागून त्याला कैक वर्षं झाली होती. तरी त्याची इच्छा एकच, ख्रिस्ताला आणखी ओळखावं. म्हणजे ही ओळख एकदा होऊन संपत नाही. आजी आणि आजोबा पन्नास वर्षं एकत्र राहिले, तरी आजोबा शेवटपर्यंत तिला एखाद्या गोष्टीने चकित करायचेच, असं ती सांगते. तसंच हे.

ओळख खरी आहे, हे कसं कळायचं?

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण माझी ओळख खरी की वरवरची, हे मी कसं ताडून बघू? बायबलमध्ये याच्या काही खुणा आहेत, आणि त्या आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळ्या आहेत.

मत्तयाच्या ७ व्या अध्यायात येशू अशा लोकांविषयी बोलतो, ज्यांनी त्याच्या नावाने उपदेश केले, चमत्कारही केले. शेवटी तो त्यांना सांगतो, की माझी तुमची कधी ओळखच नव्हती. हे वाचताना अंगावर काटा येतो. तिथे कामांची यादी भली मोठी आहे, पण नातं नाही. तेव्हा आपण देवासाठी किती करतो, ही ओळखीची खूण नाही.

दुसरी जागा यिर्मयाच्या २२ व्या अध्यायातली. योशीया राजाविषयी संदेष्टा सांगतो, की त्याने गरीब आणि गरजू यांचा न्याय केला, आणि देवाला ओळखणं म्हणजे हेच. ही खूण अगदी जमिनीवरची आहे. घरात भांडी घासायला येणाऱ्या ताईंशी मी कशी बोलते, पार्सल घेऊन आलेल्या मुलाला पाऊस असताना दोन मिनिटं आत उभं राहू देते की नाही, यात माझी देवाशी ओळख दिसते. योहान आपल्या पहिल्या पत्राच्या ४ थ्या अध्यायात याहून सरळ सांगतो, की जो प्रीती करत नाही त्याला देव कळलेलाच नाही.

तिसरी खूण ईयोबाची. त्याची मुलं गेली, संपत्ती गेली, अंग फोडांनी भरलं. त्याच्या मित्रांनी देवाविषयी लांबच लांब भाषणं दिली. ईयोबाने मात्र देवाशी भांडण केलं, त्याला जाब विचारला. पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात ईयोब कबूल करतो, की आजवर त्याने देवाविषयी फक्त ऐकलं होतं, आता मात्र त्याला पाहिलं. आणि देव कुणावर रागावतो? देवाच्या बाजूने भाषणं देणाऱ्या मित्रांवर. ज्याच्याशी मनमोकळं भांडता येतं, त्याच्याशीच आपली ओळख असते. जिन्यातल्या काकांशी आपण कधी भांडतो का?

आजपासून काय करता येईल?

मी या विषयातली जाणकार नाही. त्या रात्रीनंतर मी स्वतः ज्या चार गोष्टी करायला लागले, त्या सांगते. जमल्या तर तुम्हीही करून बघा.

पहिली, हळू वाचणं. मार्काचं शुभवर्तमान चौघांत सगळ्यात लहान आहे, १६ अध्यायांचं. रोज एकच प्रसंग वाचायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: इथे येशू कसा आहे? तो कुणाकडे बघतो, कुणासाठी थांबतो, कशाने चिडतो? पूर्वी मी स्टेटसला टाकायला वाक्य शोधत वाचायचे. आता माणूस शोधत वाचते.

दुसरी, खरं बोलणं. प्रार्थनेत आपण पुष्कळदा ठरलेले गोड शब्द वापरतो. स्तोत्रसंहिता उघडून बघा. तिथे रडणं आहे, तक्रार आहे, "का?" हा प्रश्न आहे. राग आला असेल तर राग आला म्हणून सांगा. कंटाळा आला असेल तर तोही सांगा. मराठीत सांगा, आपल्या घरच्या बोलीत सांगा. देवाशी बोलायला छापील भाषा लागत नाही.

तिसरी, ऐकलेलं एक तरी त्या दिवशी करणं. कुणाला क्षमा करायची असेल तर तो फोन लावणं. कुणाचे पैसे द्यायचे राहिले असतील तर ते देणं. सोबत चालल्याशिवाय सोबत्याची ओळख होत नाही.

चौथी, ज्यांची ओळख आहे त्यांच्याजवळ बसणं. तुमच्याही घरात किंवा मंडळीत एखादी आजी, एखादे काका असतील. त्यांना फक्त एवढं विचारा, "देव खरंच जवळ आहे, असं तुम्हाला कधी वाटलं?" आणि फोन बाजूला ठेवून ऐका. घरात मुलं असतील तर त्यांनाही जवळ बसवा. पण लक्षात ठेवा, आजीची ओळख ही आजीची. ती दागिन्यासारखी वारशाने मिळत नाही. ती बघून आपल्याला आपली करून घ्यावीशी वाटते, एवढं खरं.

विहिरीवरच्या त्या शोमरोनी स्त्रीच्या गोष्टीचा शेवट म्हणूनच मला आता फार आवडतो. तिने गावात जाऊन सांगितलं आणि तिच्या सांगण्यावरून लोक येशूकडे आले. येशू दोन दिवस त्यांच्यात राहिला. त्यानंतर गावकरी तिला म्हणाले, की आता आमचा विश्वास तुझ्या सांगण्यावर नाही. आम्ही स्वतः ऐकलं आणि आम्हाला कळलं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून निघायचं आणि स्वतःच्या ओळखीपर्यंत पोचायचं, एवढाच हा प्रवास. रमाबाईंना त्याला आठ वर्षं लागली. माझा तर आता कुठे सुरू झालाय.

त्या पहाटे मी चहा केला आणि रूममेटच्या शेजारी बसले. काहीच बोलले नाही. उजाडल्यावर तिला विमानतळावर सोडलं. कितीतरी आठवड्यांनी ती एकदा म्हणाली, "त्या रात्री तू मला काही समजावत बसली नाहीस, ते बरं केलंस. खोलीत आपण दोघीच आहोत, असं मला वाटत नव्हतं." तिचा धर्म वेगळा, माझा वेगळा. मी त्यावर काही बोलले नाही. फक्त आजीला फोन करून सांगितलं. आजी हसली आणि म्हणाली, "मग? मी सांगत होते ना!"

सकाळचं वचन मी अजूनही स्टेटसला टाकते. पण त्याआधी पाच मिनिटं फोन उलटा ठेवून गप्प बसते. कधी काहीच जाणवत नाही. कधी उगाच डोळे भरून येतात. दोन्ही दिवशी मी त्याला एकच सांगते: तुझ्याविषयी मला पुष्कळ माहीत आहे, आता तू मला भेट.

आज रात्री झोपण्याआधी तुम्हीही फोन उलटा ठेवून पाच मिनिटं बसून बघा. आणि स्वतःला एकदा विचारा: त्याची माझी तोंडओळख आहे, की ओळख?

भेटूच पुढच्या वेळी.